निळी फॉइल

ऊर्मिला गेली त्या दिवशी मी त्सुफेनहाउझेनला एका नव्या ऑफिसच्या इमारतीत छताला डक्ट टांगत होतो. नोव्हेंबर होता. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतं. मोठा डक्ट जिथे संपतो आणि लहान सुरू होतो, तिथला जोडतुकडा बसवायचा होता. एका बाजूचं तोंड मोठं, दुसऱ्या बाजूचं लहान, मध्ये पत्र्याला उतार. भोसरीत आम्ही त्याला रिड्यूसर म्हणायचो, इथे युबरगांग म्हणतात. मोठं तोंड डक्टला लावून मी कोपऱ्यांचे दोन बोल्ट आवळले होते. दोन राहिले होते. लहान तोंडावर निळी फॉइल तशीच होती. इथे प्रत्येक उघड्या तोंडाला अशी फॉइल चिकटवून ठेवतात, म्हणजे आत धूळ जात नाही. पुढचा पाइप जोडायच्या वेळी ती काढायची असते.

खालून आयझेलेने हाक मारली. आयझेले आमच्या साइटचा मुकादम.

"नागेश, खाली ये."

"दोन बोल्ट राहिलेत."

"राहू देत. मी लावतो."

आयझेले कुणालाही अर्धवट काम सोडू देत नाही. एकदा एकाचं बोट पत्र्याने कापलं, तर त्याने आधी विचारलं होतं, पाइप नीट टेकवून ठेवलास ना? तो राहू देत म्हणाला तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय. काय, ते कळायला परांचीवरून खाली उतरायचं होतं.

माझा फोन जॅकेटमध्ये होता आणि जॅकेट तळघरात. ऊर्मिलाची मैत्रीण नीता, जी तिच्याच ऑफिसात काम करते, तिने शेवटी आमच्या कंपनीत फोन केला होता. आयझेलेने मला त्याच्या व्हॅनमधून हॉस्पिटलमध्ये नेलं. त्याचा रेडिओ कायम चालू असतो, तो त्याने बंद केला. दारात नीता उभी होती. "भावोजी," एवढंच म्हणाली आणि माझी बाही धरली. ऊर्मिलाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मीटिंगमध्ये बोलता बोलता ती खुर्चीवरून खाली आली होती. आम्ही पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

त्या सकाळी तिने मेथीची भाजी केली होती. भरपूर लसूण, हिंग. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. अन्वीला, आमच्या मुलीला, सर्दी होती म्हणून ऊर्मिला म्हणाली, "आता नको खिडकी उघडायला, संध्याकाळी आल्यावर उघडते."

खिडक्या हे ऊर्मिलाचं खातं होतं. जर्मन लोक हिवाळ्यातसुद्धा सकाळ-संध्याकाळ घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात, मग घट्ट बंद करतात. लुफ्टेन म्हणतात त्याला. भाड्याच्या करारातही लिहिलेलं असतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीण फ्राऊ हेर्टर यांनी आल्या आल्या ते शिकवलं आणि ऊर्मिलाने मनापासून उचललं. मी अंथरुणातून ओरडायचो, "अगं, गारठलो!"

"हवाखात्याच्या मंत्र्यांनी स्वेटर घालावा," ती म्हणायची.

ती सॉफ्टवेअरमधली. तिला श्टुटगार्टला नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. माझं भोसरीला डक्टिंगचं लहानसं वर्कशॉप होतं, ते भावाला देऊन मी तिच्या मागे आलो. माझी आत्या सगळ्यांना सांगायची, आमचा नागेश बायकोच्या पदराला धरून परदेशात गेला. ऊर्मिला म्हणायची, "आत्याबाई, मी जीन्स घालते, पदर कुठला?"

जर्मन तिनेच शिकवलं मला. ड्रॉइंगवर हवेची चार नावं असतात. बाहेरची हवा, खोलीत सोडायची हवा, खोलीतून काढायची हवा आणि बाहेर टाकायची हवा. हवा तीच, पण जिथे असेल तसं नाव. खोलीत सोडायच्या हवेचं नाव मी वाचलं 'झुलुफ्ट'. ऊर्मिला हसून हसून बेजार. "अहो, झु नाही, त्सु. त्सुफेनहाउझेन म्हणता ना? तसं त्सुलुफ्ट." पण मग आमच्या घरात ते झुलुफ्टच राहिलं, आणि झुलुफ्टचं झालं झुलपं. संध्याकाळी घरी आलो की ती विचारायची, "काय मंत्री, किती झुलपं विंचरलीत आज?" बाहेर टाकायच्या हवेला म्हणतात फोर्टलुफ्ट. त्यातल्या 'फोर्ट'चा अर्थ विचारला तर म्हणाली, "गेलं. निघून गेलं, ते."

तिला एकच खंत होती, घरातल्या चिमणीची. ओट्यावरची चिमणी धूर ओढून, गाळून परत खोलीतच सोडायची. "डक्टवाल्याच्या घरात हे?" असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची. भिंतीला भोक पाडायला फ्राऊ हेर्टर तयार नव्हत्या. ऊर्मिलाने त्यांना दर दिवाळीला चकल्या नेऊन दिल्या, जिन्याच्या सफाईची पाळी आपणहून जास्त केली, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या हो म्हणाल्या. वर छताची तुळई आड येत होती. त्यामुळे भोक तुळईखाली, आणि चिमणीच्या तोंडापेक्षा लहान पाडावं लागलं. मी भिंतीत पाइप बसवला. चिमणीचं मोठं तोंड आणि भिंतीतला लहान पाइप यांच्यामध्ये लागणारा रिड्यूसर मी कंपनीत माझ्या हातांनी केला. त्याची वरची बाजू सरळ आणि खालचीला उतार, म्हणजे तो तुळईखाली चपखल बसतो. उतार सावकाश द्यायचा असतो. हवेला आपण अरुंद होतोय हे कळता कामा नये, कळलं की ती आवाज करते.

भिंतीतल्या पाइपचं बाहेरचं तोंड अंगणाच्या बाजूला आहे, पहिल्या मजल्यावर. जाळी यायची होती, तोवर त्यावर फॉइल लावायची होती. ऊर्मिला म्हणाली, "मलाही एकदा मंत्रालयात काम करू द्या." मी शिडी धरली आणि ती वर चढली. चिकटपट्टीवर तिचा विश्वास नव्हता. तिने स्वयंपाकघरातली सुतळी नेली होती. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तशी तिने फॉइल पाइपच्या तोंडावर ताणली, भोवती सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. वरून म्हणाली, "आता मुंगी शिरणार नाही."

जाळी आली. मी आज करतो, उद्या करतो करत राहिलो, कारण शनिवारीही साइट चालू होती. रिड्यूसर फ्रिजवर बसून राहिला. मग नोव्हेंबर आला.

अंत्यसंस्कार इथेच झाले. अस्थी घेऊन मी आणि अन्वी कराडला जाऊन आलो. परत येऊन घराचं दार उघडलं आणि दोघंही उंबऱ्यात थांबलो. त्या सकाळपासून घरातली एकही खिडकी उघडली नव्हती. लसूण, हिंग, तिचं खोबरेल तेल. ती आत असावी असा वास होता. अन्वी रडायला लागली. मी पटकन दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी खिडकी उघडली नाही. ठरवून असं नाही. पहिल्या दिवशी नाही उघडली, मग दुसऱ्या दिवशी उघडायला काही कारण दिसेना. बाहेरून आलो की दार जेवढं लागेल तेवढंच उघडायचो आणि अंग तिरकं करून आत यायचो. फोडणी करणं सोडून दिलं, कारण माझी फोडणी तिच्या फोडणीवर बसली असती. ब्रेड, दही, फार तर भात. कामावरून घरी, घरून कामावर. घरात शिरलं की कुठे जावंसं वाटायचं नाही आणि बसवायचंही नाही. कोट काढून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचो आणि नाकाने वास शोधायचो.

काचांवर पाणी जमायला लागलं. ते खिडकीच्या चौकटीत साचायचं, मी फडक्याने टिपायचो. मग झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. फ्राऊ हेर्टर एकदा कसली तरी पावती द्यायला वर आल्या आणि दारातूनच त्यांनी नाक वर केलं.

"हेर्र लोणकर, तुम्ही लुफ्टेन करत नाही."

"करतो."

"नाही करत. मी खालून बघते ना. तुमची बायको रोज करायची, मी तिच्या खिडकीच्या आवाजावर माझी कॉफी ठेवायची." मग म्हणाल्या, "आणि तुमचा तर धंदाच हवेचा आहे!"

मी बघतो म्हणालो. त्या जिना उतरताना काहीतरी पुटपुटत होत्या. रागाचं नव्हतं ते.

अन्वी गिम्नाझियममध्ये दहावीत आहे. मराठी बोलते, पण मधे मधे जर्मन घुसतं. तिची सर्दी गेली पण खोकला राहिला. जानेवारीत एके दिवशी शाळेतून आली, दप्तर खाली टाकलं आणि सरळ खिडकीपाशी गेली. मी मधे उभा राहिलो.

"बाबा, बाजूला हो."

"थंडी आहे."

"रोजच असते. हे श्टुटगार्ट आहे."

"उद्या उघडू."

"तू काल पण उद्याच म्हणालास."

"अगं, आईचा वास जाईल," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोललो. मला वाटलं तिला समजेल, कारण उंबऱ्यात ती माझ्याबरोबरच उभी होती.

ती म्हणाली, "बाबा, हा आईचा वास नाहीये. दास इस्ट शिमल."

शिमल म्हणजे बुरशी. मी तिला म्हणालो, तुझं नाक चोंदलंय सर्दीने. तिने बॅग भरली आणि दारात बूट घालताना म्हणाली, "मी नीतामावशीकडे जाते. तू खिडकी उघडलीस की येईन. आल्झो, म्हणजे मी रागावले नाहीये. मला फक्त श्वास घेता येत नाही इथे."

नीताचं घर लुडविग्सबुर्गला, ट्रेनने जवळच. तिने संध्याकाळी फोन केला. "भावोजी, राहू दे हो इथे, मला काही जड नाही. पण पोरगी आई गेली म्हणून रडते का बाप राहिला नाही म्हणून, मला कळेना."

"बाप आहे की."

"कुठे? डब्यात?" असं म्हणून तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने माफीचा मेसेज आला.

आता घरात मी एकटा उरलो. अन्वीच्या खोलीचं दारही मी बंद ठेवलं. ती परत यावी असं वाटायचं, आणि तिची अट आठवली की खिडकीची मूठ समोर यायची. मूठ आडवी करायची, एवढंच काम. रोज तिच्यापाशी जाऊन उभा राहायचो आणि फडक्याने पाणी टिपून परत यायचो.

फेब्रुवारीत आयझेले म्हणाला, त्सुफेनहाउझेनच्या त्या इमारतीतून तक्रार आहे. तिथे ऑफिस सुरू झालं होतं. एका मीटिंगच्या खोलीत हवाच येत नव्हती. डोकी दुखतात म्हणत होते. आम्ही दोघं गेलो. आयझेलेने छताच्या जाळीला कागद लावला, कागद हलला नाही. पंख्याचा आवाज तर येत होता. झडप बघितली, उघडी होती. मग मी छताच्या दोन फरशा काढून डोकं वर घातलं आणि डक्टच्या कडेने मागे मागे बघत गेलो. रिड्यूसर दिसला. माझाच होता. माझ्या तुकड्यांवर मी मार्करने 'ना' लिहितो. दोन बोल्ट मी आवळलेले होते आणि दोन दुसऱ्या हाताचे, जास्त आवळलेले.

पंखा बंद करायला सांगितला आणि बाजूचं तपासणीचं झाकण काढलं. आतून वास आला. पत्र्याचं तेल, धूळ, ओल, कोंडलेलं काहीतरी. टॉर्च मारला. लहान तोंडावर निळी फॉइल होती. पंख्याने इतके दिवस ढकलून ढकलून ती पलीकडे पोटासारखी फुगली होती, पण फाटली नव्हती.

खालून आयझेलेने विचारलं, "काय आहे?"

"फॉइल."

तो शिडी चढून माझ्या शेजारी आला, आत बघितलं. त्याचा चेहरा पडला. "मी केलं हे," तो म्हणाला. "तुला सोडून परत आलो. बोल्ट लावले, पाइप जोडला. फॉइल काढलीच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, नागेश."

"असू दे."

"डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी. तुझ्या बायकोचं केकसारखं काहीतरी खाल्लं होतं मी एकदा, पिवळं, तेच आठवत होतं सारखं."

"ढोकळा."

"गेनाऊ, तेच." त्याने खिशातला चाकू मला दिला. "आणि हे लोक खाली बसून मीटिंगा घेत होते. तरीच जांभया देत होते म्हणे."

"जांभया फॉइल काढली तरी देतील," मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो असेन.

मी फॉइल कापून बाहेर ओढली. झाकण लावलं, पंखा चालू केला. खाली जाळीला लावलेला कागद फडफडायला लागला.

संध्याकाळी घरी आलो. सवयीने दार थोडंसं उघडून तिरका आत शिरलो आणि कोट न काढता उभा राहिलो. तोच वास होता, दुपारी डक्टमध्ये आला तो. ओल, धूळ. हिंग नव्हता. लसूण नव्हता. मी कपाट उघडून ऊर्मिलाच्या कपड्यांत डोकं घातलं. तिथेही तोच. तेलाची बाटली उघडली, ती नुसती तेलाची बाटली होती. कधी गेला तो वास, मला सांगता येणार नाही. मी रोज बसून शोधत होतो आणि तो मला न कळता गेला होता.

मी अन्वीला फोन केला. "शनिवारी येतेस? चिमणीचा पाइप जोडायचाय. धरायला माणूस लागतो."

"फक्त धरायचा?"

"फक्त धरायचा."

ती आली, बॅग घेऊनच. बॅग तिने दारात ठेवली आणि बूट काढले नाहीत. कोपऱ्यातले ठिपके बघितले. मी फ्रिजवरचा रिड्यूसर काढला. दोन्ही तोंडांवरची फॉइल तिने नखाने उचकटून काढली. मी चिमणीतून वर निघणाऱ्या पाइपच्या टोकाला रिड्यूसरचं मोठं तोंड लावलं. रबर पाण्याने ओलं करायचं, मग थोडं फिरवत आत ढकलायचं. लहान तोंड भिंतीतल्या पाइपमध्ये. सरळ बाजू वर, तुळईला लागून. अन्वी दोन्ही हातांनी खालून धरून उभी होती. मी स्क्रू मारले.

"बसला?" तिने विचारलं.

"बसला."

"आईला हे मापात बसेल असं वाटत नव्हतं. ती म्हणायची बाबा परत पत्रा कापणार."

"तुला म्हणाली असं?"

"सगळ्यांना म्हणायची." ती थोडी हसली आणि खोकली.

मी चिमणी चालू केली. ती ओट्यावरून टिश्यू पेपर घेऊन आली आणि खालच्या जाळीला लावला. टिश्यू खाली पडला. परत लावला, परत पडला. चिमणी नुसती घोंगावत होती.

"बाबा, बाहेरची फॉइल."

"हो. माहीत आहे."

"मग काढ ना."

"खिडकीही उघडावी लागेल," मी म्हणालो. "जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. नाहीतर पंखा नुसता ओरडतो."

"मला माहितेय. तूच शिकवलंस." ती खिडकीपाशी गेली आणि मुठीवर हात ठेवून उभी राहिली. "तू खाली जा. तू काढलीस की मी उघडते. पण आज, बाबा. हॉयटे."

मी फ्राऊ हेर्टरकडून शिडी मागून घेतली. त्या शिडीचं एक टोक धरून अंगणापर्यंत आल्या आणि आत गेल्या. मी वर चढलो. फॉइलचा रंग उडून ती पांढुरकी झाली होती. सुतळी पावसाने फुगून काळी पडली होती आणि गाठ अशी बसली होती की सुटेल असं वाटत नव्हतं. ऊर्मिलाने सुतळी दोनदा गुंडाळून गाठीवर गाठ मारली होती. उरलेलं टोक तिने नीट खाली खोचलं होतं, घरातल्या बरणीला खोचते तसं. माझ्या खिशात चाकू होता. आयझेलेचाच, परत द्यायचा राहिलेला. काच बाजूलाच होती. काचेमागे अन्वी मुठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी गाठीला बोट लावलं. तिच्या हातची गाठ कापवेना. मग खाली उतरलो.

अन्वी अजून गेलेली नाही. बॅग दारात तशीच आहे, तिने उघडलीही नाही आणि उचललीही नाही. शिडी भिंतीला टेकवलेली आहे. आतलं सगळं जोडून झालं आहे. बाहेरच्या तोंडावरची फॉइल काढायची राहिली आहे.